सेमिस्टर भाचीचं, तयारी ताईची

बाहेरगावची मुलं शिकायला उज्जैनला येतात, हे आपल्या गावाला मुळीच नवीन नाही. मंगळनाथच्या रस्त्यावर सांदीपनी आश्रमात गेलं की पुजारी हीच गोष्ट सांगतात. कंसवधानंतर कृष्ण-बलरामाची मुंज झाली आणि दोघांना मथुरेहून इथे अवंतीला गुरूकडे पाठवलं. ६४ दिवसांत ६४ कला शिकून दोघं परत गेले. आजच्या भाषेत सांगायचं तर एक छोटं सेमिस्टरच! कृष्ण काय शिकला, सुदाम्याशी मैत्री कशी झाली, गुरुदक्षिणा काय दिली, हे सगळं कथेत येतं. पण इतक्या वर्षांनी जेमतेम हाती लागलेला मुलगा पुन्हा दूर पाठवून देवकीने ते ६४ दिवस कसे काढले, याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

आजही तसंच आहे. परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यासाठी याद्यांवर याद्या मिळतात. व्हिसा, विमा, जॅकेट, अडॅप्टर, प्रेशर कुकर. घरी राहणाऱ्या आई-बाबांसाठी मात्र एकही यादी नाही. ती तयारी करून द्यायचं काम आपलं, म्हणजे मधल्या पिढीचं आहे. मामा, मावशी, आतेभाऊ, मोठी बहीण, वहिनी, जे कुणी नोकरीच्या निमित्ताने थोडं फिरलेत आणि ज्यांना मोबाइलवरचा फॉर्म भरायला भीती वाटत नाही, त्यांचं.

माझी भाची इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना एका सेमिस्टरसाठी जर्मनीला गेली. ताई आणि भावोजी फ्रीगंजला राहतात. मी इंदूरला सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे शनिवार-रविवार उज्जैनला जाऊन मी त्या दोघांबरोबर बसत होतो. भाचीला माझी फारशी गरज नव्हती, तिने आपलं सगळं आपणच केलं. त्या तीन-चार महिन्यांत जे शिकलो, ते आपल्या वाचकांसाठी लिहितो आहे.

"डिग्री तिकडची मिळणार का?"

भावोजींचा पहिला प्रश्न हा होता आणि तो अगदी रास्त होता. सेमिस्टर एक्स्चेंज म्हणजे काय, हे आधी पालकांना नीट समजलं पाहिजे. यात डिग्री आपल्याच कॉलेजची असते. एक सत्र तिकडच्या विद्यापीठात शिकायचं आणि तिथले क्रेडिट इकडे जमा करून घ्यायचे. दोन संस्थांचा करार असेल तर बहुतेक वेळा फी इकडचीच भरावी लागते. राहणं, जेवण, प्रवास आणि विमा आपला.

खरी मेख क्रेडिटमध्ये आहे. युरोपात एका पूर्ण सत्राचं काम ३० क्रेडिट धरतात आणि एक क्रेडिट म्हणजे साधारण २५ ते ३० तासांचा अभ्यास. आपल्याकडे एआयसीटीईच्या आदर्श अभ्यासक्रमात चार वर्षांच्या बीटेकला १६० क्रेडिट आहेत, म्हणजे सत्राला सरासरी २०. दोन मापं वेगळी. कुठल्या विषयाच्या बदल्यात इकडचा कुठला विषय माफ होणार, हे जाण्याआधी कागदावर यायला हवं. त्यासाठी 'लर्निंग अ‍ॅग्रीमेंट' नावाचा कागद असतो. त्यावर विद्यार्थी, आपलं कॉलेज आणि तिकडचं विद्यापीठ अशा तिघांच्या सह्या लागतात.

पालकांनी या कागदाबद्दल दोनच प्रश्न विचारायचे: "तिन्ही सह्या झाल्या का?" आणि "तिकडे गेल्यावर एखादा विषय बदलला तर नवा कागद कोण सही करणार?" दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण पहिल्या दोन आठवड्यांत विषय बदलण्याची वेळ बऱ्याच मुलांवर येते. भावोजी निवृत्त झाले ते सरकारी खात्यातून. फाइलवर सही कुणाची हवी, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. हा मुद्दा समजल्यावर त्यांनी भाचीच्या मागे लागून कागद पूर्ण करून घेतला आणि आपलाही या प्रवासात काही उपयोग आहे, असं त्यांना पहिल्यांदा वाटलं. आई-बाबांना नुसतं "काळजी करू नका" म्हणण्यापेक्षा एखादं खरं काम द्यावं, हे मला तिथे कळलं.

पैशाचा हिशेब एका पानावर

जर्मनीच्या व्हिसासाठी खर्चाची सोय दाखवावी लागते. त्यासाठी 'ब्लॉक्ड अकाउंट' उघडतात. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम महिन्याला ९९२ युरो, म्हणजे वर्षाला ११,९०४ युरो धरली जाते. सहा महिन्यांचे ५,९५२ युरो होतात. पैसे आपलेच असतात, पण तिकडे गेल्यावर दरमहा ठरावीक रक्कमच हातात येते. हे आकडे बदलतात, म्हणून अर्जाच्या दिवशी दूतावासाच्या संकेतस्थळावर पुन्हा पाहून घ्यावेत.

"सगळे पैसे एकदम अडकले!" ही ताईची पहिली प्रतिक्रिया. तिला मी म्हटलं, "ताई, ही पोस्टातल्या मासिक प्राप्ती योजनेसारखी गोष्ट समज. मुद्दल आपलं, हातात दर महिन्याला थोडं थोडं." मग पटलं.

इकडून पैसे पाठवताना रिझर्व्ह बँकेच्या योजनेत एका व्यक्तीला वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. एवढ्याशी आपला संबंध येत नाही, पण टीसीएसशी येऊ शकतो. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांपर्यंत पाठवलेल्या रकमेवर टीसीएस कापला जात नाही. मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पैसे गेले तर तो लागतच नाही. आणि कापला गेला तरी तो बुडीत नाही, विवरणपत्र भरताना वळता होतो. बँकेत जाण्याआधी पालकांना एवढं माहीत असलं तरी पुरे.

एक पान घेऊन त्यावर तीन रकाने करा: एकदाच होणारा खर्च (व्हिसा, तिकीट, विमा, कपडे), दर महिन्याचा खर्च (भाडं, जेवण, प्रवास), आणि अडीअडचणीचा पैसा. तिसऱ्या रकान्यात ऐनवेळच्या परतीच्या तिकिटाएवढी रक्कम तरी हवी आणि ती सहज मोडता येईल अशी. हे पान मुलीसमोर लिहा. मुलांना घरचा आकडा माहीत असेल तर ती तिकडे जपून वागतात. माहीत नसेल तर एक तर उधळतात, नाही तर घरच्यांच्या काळजीने जेवणच कमी करतात. दुसरा प्रकार आपल्या घरांत जास्त आढळतो.

आता बातमी तिच्याकडूनच

पालकांना सर्वांत जड जाणारी गोष्ट ही. शाळेत पालकसभा होती, कॉलेजात एखादे ओळखीचे सर होते. तिकडे विद्यापीठात फोन करून "माझी मुलगी वर्गात येते का? मार्क कसे आहेत?" असं विचारलं तर उत्तर मिळणार नाही. अमेरिकेत १९७४ पासून कायदा आहे. कॉलेजात गेलेल्या विद्यार्थ्याच्या शैक्षणिक नोंदींवर हक्क त्याचा स्वतःचा, आई-वडिलांचा नाही. युरोपात २०१८ पासून लागू असलेले माहितीसंरक्षणाचे नियमही तसेच कडक आहेत.

भावोजींना हे अपमानासारखं वाटलं. "फी आम्ही भरायची आणि विचारायचं नाही?" त्यांचं म्हणणं मला समजत होतं. पण मुद्दा आपला तिकडच्या नियमांशी नाही, आपल्या घरातल्या बोलण्याशी आहे. बातमीचा एकच दरवाजा उरला आहे आणि तो आहे आपली मुलगी. प्रत्येक फोनवर उलटतपासणी झाली तर तोही बंद होतो. म्हणून जाण्याआधीच आपसांत ठरवून घ्यावं: कोणती गोष्ट ती न विचारता सांगेल (आजारपण, पैशाची अडचण, विषय नापास होण्याची शक्यता, राहण्याची जागा बदलणं) आणि कोणत्या गोष्टी तिच्यावर सोडायच्या. आमच्याकडे ही यादी जेवणाच्या टेबलावर झाली. थोडी वादावादीही झाली. पण वादावादी घरात झाली, व्हिडिओ कॉलवर झाली नाही.

फोनची वेळ

एकेकाळी भारतातले ज्योतिषी उज्जैनचं रेखावृत्त शून्य धरून काळ मोजत. आपलं जंतरमंतर त्याच परंपरेतलं. आज घड्याळ ८२.५ अंश रेखांशाच्या वेळेने चालतं, म्हणून उज्जैनचा सूर्य आपल्या घड्याळाच्या सुमारे २७ मिनिटं मागे असतो. सांगायचं कारण, वेळेचा फरक उज्जैनकरांना समजावणं सोपं आहे! जर्मनी आपल्या मागे आहे, उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळं बदलतात. त्या रविवारी "रोजच्या वेळेला फोन का नाही आला?" म्हणून अनेक घरांत धाकधूक होते. भिंतीवरच्या कालनिर्णयात दोन्ही तारखांना लाल गोल करून ठेवा.

आपल्या रात्री साडेनऊला तिकडे हिवाळ्यात संध्याकाळचे पाच वाजलेले असतात. ही वेळ दोघांनाही सोयीची. आमच्याकडे ठरलं ते असं: रोज एक छोटा निरोप, फोटो असला तरी चालेल, आणि आठवड्यातून दोन सविस्तर फोन. चोवीस तास काहीच कळलं नाही तरच काळजीला सुरुवात. रोज तासभर व्हिडिओ कॉल व्हावा असं आईला वाटतं, पण मुलगी सारखी इकडे बोलत बसली तर तिकडे मैत्री कधी करणार?

आणखी एक गोष्ट पालकांना आधी सांगून ठेवा. डिसेंबरात बर्लिनला दिवस आठ तासांपेक्षाही लहान असतो आणि दुपारी चारच्या सुमारास अंधार पडतो. कर्कवृत्ताजवळ वाढलेल्या मुलीला हे जड जातं. नोव्हेंबर-डिसेंबरात तिचा आवाज उतरलेला वाटला तर लगेच "परत ये" म्हणू नये. बाहेर फिरायला जाते का, चार माणसांत बसते का, झोप होते का, हे विचारावं. तीन-चार आठवडे तसंच राहिलं तर मात्र विद्यापीठातल्या समुपदेशन केंद्रात जायला सांगावं. अशी सोय बहुतेक विद्यापीठांत असते आणि ती वापरण्यात कमीपणा नाही, हे आई-बाबांच्या तोंडून आलं तर मुलं लवकर जातात.

लपवायचं नाही

आता सगळ्यांत नाजूक विषय. आपल्या घरांत एक पद्धत आहे: "तिला आत्ता सांगू नका, परीक्षा आहे." आजी आजारी पडते, काकांचं ऑपरेशन होतं, कधी कुणी जातंही. लांब असलेल्या मुलाला ते महिन्याने कळतं. हेतू चांगला असतो. परिणाम असा होतो की पुढे प्रत्येक वेळी "सगळं ठीक आहे" ऐकल्यावर मुलाला शंका येते.

माझ्या भाचीची आजी ८१ वर्षांची, हृदयाचा त्रास असलेली. नात जाणार म्हटल्यावर घरात सगळ्यांच्या मनात तोच विचार होता आणि बोलत कुणीच नव्हतं. शेवटी आजींनीच विषय काढला. म्हणाल्या, "मला काही झालं तर पोरीला त्याच दिवशी सांगा. यायचं की नाही ते तिने ठरवावं. आणि नाही आली तर तिला कुणी बोलायचं नाही." खोली एकदम शांत झाली. ताईला रडू आलं. पण त्या दिवसानंतर घरातला ताण निम्म्याने कमी झाला.

नोव्हेंबरात आजींना खरंच दोन दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. ताईचा हात फोनकडे जाईना. भावोजींनी ठरल्याप्रमाणे त्याच संध्याकाळी भाचीला सांगितलं: काय झालं, डॉक्टर काय म्हणाले, उद्या किती वाजता पुन्हा कळवू. भाची रडली, पण घाबरली नाही. दुसऱ्या दिवशी आजींशीच बोलली. आजी घरी आल्या. आणि जानेवारीत भाचीला ताप आला तेव्हा तिनेही पहिल्याच दिवशी आईला सांगितलं. घराने तिच्याशी जसा व्यवहार केला, तसाच तिने घराशी केला.

म्हणून आमच्या घरातला नियम सुचवतो: दोन्ही बाजूंनी काहीही लपवायचं नाही, आणि वाईट बातमी सांगणारा माणूस आधीच ठरवायचा. तो शांत बोलणारा असावा. घाबरून दहा जणांनी दहा फोन करू नयेत.

परवलीचा शब्द

हा भाग माझ्या व्यवसायाचा. "तुमचा मुलगा पोलिसांच्या ताब्यात आहे, ताबडतोब पैसे पाठवा," असे फोन आता येतात. 'डिजिटल अरेस्ट'च्या नावाखाली माणसाला तासन्‌तास व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवतात. भारतीय कायद्यात डिजिटल अरेस्ट असा प्रकारच नाही. आवाजाची हुबेहूब नक्कलही आता सहज होते. मूल परदेशी असलेले आई-बाबा हे या लोकांचं सोपं सावज, कारण मुलाला लगेच फोन लागेलच असं नसतं.

उपाय साधा आहे. घरातल्यांनाच माहीत असेल असा एक शब्द ठरवा. वाढदिवस किंवा कुत्र्याचं नाव नको, एखादी घरगुती गंमत चालेल. पैसे मागणारा कुठलाही फोन आला की आधी तो शब्द विचारायचा. नाही सांगता आला तर फोन बंद. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर तक्रार करायची. तसंच, खोली न पाहता, लेखी करार न करता कुणाच्याही वैयक्तिक खात्यात अनामत पाठवायची नाही.

मुलीचा इकडचा मोबाइल नंबर चालू ठेवा, कारण बँकेचे ओटीपी त्यावर येतात. जाण्याआधीच त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या. पासपोर्ट, व्हिसा, विमा, प्रवेशपत्र आणि तिकडचा पत्ता यांच्या प्रती आई-बाबांच्या फोनमध्ये आणि कागदावरही हव्यात. युरोपात तातडीचा नंबर ११२ आहे, आपल्याकडेही तोच. परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' पोर्टल आणि जवळच्या भारतीय दूतावासाचा नंबर फ्रिजवर लावा. जर्मनीत बर्लिनला दूतावास आहे. म्युनिक, फ्रँकफर्ट आणि हॅम्बुर्गला वाणिज्य दूतावास आहेत. शिवाय आई-बाबांपैकी एकाचा तरी पासपोर्ट तयार असावा. ३६ पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये आहे आणि तो दहा वर्षं चालतो. कधी जायची वेळ आलीच तर त्या दिवशी अर्ज करत बसायला नको.

बॅगेत काय जाणार नाही

ताईने पेढे, साजूक तुपाची बरणी आणि परसातला कढीपत्ता काढून ठेवला होता. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशांना आणता येत नाहीत. ताज्या पाल्याला आणि बहुतेक फळांना प्रमाणपत्र लागतं. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात नेऊ देत नाहीत, त्यातल्या तेलामुळे ते ज्वलनशील धरतात. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवायची. औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत आणि चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव असावं.

मग जातं काय? गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, लसणाची चटणी, पोह्यांचं पाकीट आणि वर घालायला आपली रतलामी शेव. ताईने भाचीला डाळ-भात, पोहे आणि पिठलं एवढंच नीट शिकवलं. तेवढं सहा महिने पुरलं.

तिकडे एक मावशी हवी

१८८३ मध्ये आनंदीबाई जोशी ७ एप्रिलला कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोचल्या. तिथे त्यांना घ्यायला आल्या थिओडिसिया कारपेंटर. या बाईंनी दंतवैद्याकडे बसल्या असताना एका मासिकात गोपाळरावांचं पत्र वाचलं होतं आणि आपणहून पत्रव्यवहार सुरू केला होता. न्यू जर्सीतल्या रोसेल गावी त्यांनी आनंदीबाईंना घरच्यासारखं ठेवलं. आनंदीबाई त्यांना मावशीच मानत. पुढे शिक्षणाच्या काळात थंडी आणि आजारपण यांनी आनंदीबाईंची प्रकृती ढासळली. ११ मार्च १८८६ ला त्या डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला गेल्या. त्यांची धडाडी आपण मुलांना सांगतोच. परक्या देशात एक आपलं माणूस किती मोलाचं असतं आणि तब्येत हसण्यावारी नेऊ नये, हेही त्याच गोष्टीतून सांगावं.

आज ही मावशी शोधणं सोपं आहे. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ चं आहे, उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चं. जर्मनीतही मोठ्या शहरांत मराठी मंडळं आहेत. आपल्या समाजातही कुणाचा ना कुणाचा भाऊ-बहीण तिकडे असतोच. गणेशोत्सवात किंवा कोजागिरीला भेटल्यावर विचारा. भाचीची पहिली दिवाळी अशाच एका मराठी कुटुंबात झाली. त्या घरचा फराळाचा फोटो आला, त्या रात्री ताई बऱ्याच दिवसांनी निवांत झोपली.

आणि गेल्यावर?

विमानतळावरून परतल्यानंतरचे पहिले दहा दिवस पालकांना सर्वांत अवघड जातात. तिथे आपली खरी गरज असते. ताईकडे आम्ही भावंडांनी वार वाटून घेतले होते. कुणी पोहे-जलेबी घेऊन सकाळी टपकायचं, कुणी आजींना रामघाटावर संध्याकाळच्या आरतीला न्यायचं. भावोजी कॉलनीतल्या दोन मुलांना गणित शिकवायला लागले. ती शिकवणी अजून चालू आहे.

फेब्रुवारीत भाची परत आली. आता ती आपली ताटली आपण धुते, हिशेब लिहिते आणि वाद घालताना आवाज चढवत नाही. ताई म्हणते, "मुलगी शहाणी झाली." मुलीचं म्हणणं वेगळं आहे: "मामा, आई किती बदलली रे!"

आपल्या समाजातली आणखी मुलं आता अशी जातील. ज्या घरात तयारी चालू असेल, तिथे एखाद्या रविवारी नक्की जा. मुलांना टिप्स द्यायला पुष्कळ जण आहेत. तुम्ही आई-बाबांजवळ बसा, चहा घ्या आणि एक कोरं पान आणि पेन काढा.